पावतीवर स्वतःचं नाव

"सरकार अनुदान देतं, मुली फी भरतात, मग कॉलेजला आमचे पैसे कशाला हवेत?" नागपुरातल्या मुलींच्या एका कला महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी संघटनेचं काम करताना हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. विचारणाऱ्या काही कंजूष नसतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेली असते, कुणी मिहानच्या उद्योग वसाहतीत चांगल्या पदावर असते, कुणी स्वतःची शाळा चालवते. त्यांना खरोखरच माहीत नसतं. कॉलेजात असताना डोक्यावरचा पंखा कुणाच्या पैशाने फिरतो, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

अनुदानित कॉलेजला सरकारकडून येतो तो मुख्यतः पगार, तोही मंजूर आणि भरलेल्या पदांचा. एखाद्या मॅडम निवृत्त झाल्या की त्यांची जागा भरायला परवानगी लागते आणि ती येईपर्यंत वर्षं निघून जातात. मधल्या काळात तो विषय तासिका तत्त्वावर चालतो. नेट-सेट झालेल्या, कधी पीएचडी केलेल्या मुली तासाच्या हिशेबाने शिकवतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या हाती काही पडत नाही. इंग्रजी किंवा अर्थशास्त्राला निदान मुलींची गर्दी असते. तत्त्वज्ञान, संस्कृत, संगीत, उर्दू अशा विषयांत मॅडम निवृत्त झाल्या की विषयच हळूहळू आटतो. आधी पद जातं, मग मुली कमी होतात आणि शेवटी मुली नाहीत म्हणून पद नको असं ठरतं. मुलींच्या कला महाविद्यालयाचं सगळ्यात मोठं नुकसान मला हेच वाटतं. इमारत तशीच उभी राहते, फलकही तोच असतो, पण आत शिकण्यासारखं कमी कमी होत जातं.

फी वाढवून हे भागेल असं म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे सांगते, आमच्या कॉलेजातल्या निम्म्या मुली बीएची फी कमी आहे म्हणूनच इथे आहेत. काटोल, सावनेर, उमरेड, पारशिवनीकडून एसटीने येणाऱ्या मुलीचा बाप "मुलींचंच कॉलेज आहे ना, मग जाऊ दे" म्हणतो आणि दुसऱ्या वाक्यात फी विचारतो. ही दोन उत्तरं त्याच्या मनासारखी मिळाली की तिला तीन वर्षं मिळतात. त्या तीन वर्षांत ती मानसशास्त्र वाचते, वादविवादात उभी राहते, पहिल्यांदा एकटी सीताबर्डीच्या बाजारात जाऊन पुस्तक विकत घेते. लग्नाचा विषय तेवढा काळ दाराबाहेर थांबतो. एवढं करणारी दुसरी कोणती संस्था तिच्या गावाजवळ असेल, तर मला सांगा.

आता पैसे कशाला लागतात त्याचं एक उदाहरण देते. आमच्याकडे वर्षाची शेवटची परीक्षा एप्रिल-मेमध्ये येते. नागपूरचा मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. पंचेचाळीस अंशांत टिनाच्या छताखाली भाड्याने राहणाऱ्या मुली अभ्यासाला कॉलेजच्या वाचनालयात येतात. तिथे कूलर आहेत. कूलर असणं आणि कूलर चालू असणं यांत फरक आहे. दर हंगामात वाळ्याच्या ताट्या बदलाव्या लागतात, पंप जळतो, मोटर बांधून आणावी लागते, संध्याकाळी सातपर्यंत वाचनालय उघडं ठेवायचं तर तिथे बसणाऱ्या ताईंना जादा मानधन द्यावं लागतं. या खर्चाला कोणत्याच शासकीय शीर्षाखाली नीट जागा सापडत नाही. मोठा देणगीदार वाचनालयाची नवी इमारत देईल, दारावर संगमरवरी पाटी लावेल, उद्‌घाटनाला पाहुणे आणेल. त्याचे आभार मानावेतच. पण कूलरच्या ताट्यांना पाटी लावता येत नाही. त्या ताट्यांचे पैसे तीच देते जिने कधीतरी त्या खोलीत, घामाने वहीचं पान ओलं होत असताना, पेपरची तयारी केलेली असते.

दुसरं उदाहरण भिवापूरकडच्या एका मुलीचं. घरी मिरची आणि थोडी कपाशी. दुसऱ्या सत्राचा परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा शिष्यवृत्ती मंजूर होती, पण खात्यात आलेली नव्हती. ती मला म्हणाली, "मॅडम, फॉर्म भरला का मेसचे पैसे राहत नाही. बाबा म्हणते, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बसजो." पुढच्या वर्षी बसजो, या शब्दांत किती मुलींचं शिक्षण थांबलंय ते शिक्षकांना विचारा. संघटनेच्या निधीतून तिचा फॉर्म त्याच दिवशी भरला गेला. रक्कम इतकी लहान होती की कुठल्याही समितीपुढे ती ठेवायलाही संकोच वाटावा. पण कुणाच्या सहीची वाट न पाहता ती त्याच दुपारी देता आली, याला किंमत होती.

ती मुलगी आज काय करते, हे मी मुद्दाम सांगत नाही. देणगीच्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मुलगी अधिकारी झालेली दाखवायची पद्धत मला आवडत नाही. ती अधिकारी झाली नसती तरी तिची परीक्षा व्हायलाच हवी होती.

मुलींच्या शिक्षणाला पैसा कुठून आला याचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळक दिसते. मोठा पैसा पुरुषांचा होता. कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं, पुढे 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव मिळालं. आपल्याकडे कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी मँगनीजच्या व्यापारात मिळवलेली संपत्ती मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला ठेवली आणि तिच्यातून 1942 साली एलआयटी ही तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. त्या संस्थेचे माजी विद्यार्थी आज तिच्यामागे किती घट्ट उभे असतात ते सगळं शहर पाहतं. मुलींसाठी नागपुरात 1932 साली विमेन्स एज्युकेशन सोसायटीने कॉलेज सुरू केलं. आज ते लेडी अमृतबाई डागा यांच्या नावाने, एलएडी म्हणून, सगळ्यांना माहीत आहे. माझं कॉलेज त्याहून लहान आणि बरंच नंतरचं.

बायकांनी का दिलं नाही? कारण द्यायला त्यांच्या नावावर काही नव्हतं. हिंदू वारसा कायदा आला 1956 मध्ये. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्रात 1994 मध्ये मिळाला, देशभर 2005 मध्ये. म्हणजे माझ्या आधीच्या पिढीतल्या, बीए, एमए झालेल्या बाईकडे दागिने होते, भांडी होती, पण मृत्युपत्र करून कॉलेजला काही ठेवावं असं तिचं स्वतःचं फारसं नव्हतं. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी मग काय केलं, ही गोष्ट मला देणगीदारांच्या यादीपेक्षा मोठी वाटते.

अमेरिकेत मेरी लायन नावाच्या शिक्षिकेने 1837 साली माउंट होल्योक ही मुलींची संस्था उघडली. त्याआधी त्या पैसे गोळा करत गावोगाव हिंडल्या होत्या. त्यांनी बायकांकडून, शेतकऱ्यांच्या घरांतून रकमा घेतल्या आणि त्या यादीत सहा सेंट इतक्या लहान देणग्याही आहेत. पुढे अर्ध्या शतकाने पंडिता रमाबाई त्याच देशात व्याख्यानं देत फिरल्या. 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि ठिकठिकाणी रमाबाई सर्कल सुरू झाली. सभासदाने द्यायचं काय, तर वर्षाला एक डॉलर, दहा वर्षं. कुणा धनिकाच्या एका धनादेशावर नाही, या डॉलर-डॉलरच्या शब्दावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांची आणि मुलींची शाळा उघडली.

शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. हीच पुढे कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई, सगळ्यांची बाया झाली. कर्व्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला विधवांसाठी काढलेल्या आश्रमासाठी बायाने स्वतः दारोदार वर्गणी मागितली. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीही विधवा. तिने आश्रमासाठी गावोगाव व्याख्यानं दिली, झोळी फिरवली आणि 1918 साली जेमतेम इंग्रजीच्या बळावर अमेरिकेला गेली. तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिली आणि आश्रमासाठी पैसा जमवला. शिकवून मोठी केलेली बाई परत येऊन दुसरीच्या शिक्षणासाठी हात पसरते, हे महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे. माजी विद्यार्थिनींच्या देणग्यांची कल्पना परदेशी कॉलेजांची नक्कल आहे असं कुणी म्हटलं, की मी त्यांना बाया आणि पार्वतीबाईंचं नाव सांगते.

आणि आपल्या जिल्ह्यातलं नाव सांगायचं तर जाईबाई चौधरी. उमरेडकडच्या, महार समाजात जन्मलेल्या. स्टेशनवर हमाली करून पोट भरणाऱ्या जाईबाईंना एका मिशनरी बाईंनी शिकवलं. शिक्षिका झाल्यावर जातीमुळे नोकरी गेली, तेव्हा त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली आणि बाबासाहेबांनी समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो असं सांगितलं, तेही याच शहरात. आज आमच्या कॉलेजच्या हजेरीपटावर त्या परिषदेला गेलेल्या बायकांच्या पणत्या असतील. त्यांच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली ती पहिली किंवा दुसरी पिढी. त्यांच्यासाठी ठेव कुणी ठेवलेली नाही.

अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेजांचं हल्ली काय झालं तेही सांगायला हवं. 1960 च्या सुमारास तिथे अशी दोनशेहून जास्त कॉलेजं होती. आता तीसच्या आसपास उरली आहेत. व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर या 1901 सालच्या कॉलेजच्या विश्वस्तांनी 3 मार्च 2015 रोजी अचानक जाहीर केलं की येत्या उन्हाळ्यात कॉलेज कायमचं बंद होईल. माजी विद्यार्थिनींनी ते मानलं नाही. संघटना बांधली, कोर्टात गेल्या, पैसे उभे केले. जूनमध्ये तडजोड झाली. त्यांनी कॉलेजच्या खर्चासाठी एक कोटी वीस लाख डॉलर द्यायचे, विश्वस्त मंडळ बदलायचं आणि कॉलेज चालू ठेवायचं. त्याच ऑगस्टमध्ये वर्ग पुन्हा भरले.

ही हकीकत सांगितली की मेळाव्यात टाळ्या पडतात. मला मात्र तिच्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कॉलेजकडे पैसा नव्हता असं नाही. कोट्यवधी डॉलरची ठेव होती, पण तिच्यातला बराचसा भाग दात्यांच्या अटींमध्ये बांधलेला होता. अमुक कामालाच वापरावा, तमुक नावानेच वापरावा. तडजोडीत एक कोटी साठ लाख डॉलरवरच्या अटी सैल कराव्या लागल्या, तेव्हा हातात खेळतं भांडवल आलं. म्हणून मी प्रत्येकीला विनवते, शक्य असेल तर बिनशर्त द्या. आईच्या नावाचं पदक ठेवावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, मी त्या भावनेपुढे वाकते. पण दरवर्षी एका मुलीला द्यायची पदकं आमच्याकडे पुष्कळ झाली आहेत आणि स्वच्छतागृहाच्या नळांसाठी निधी नाही.

सगळीकडे असं यश आलंही नाही. कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजात 1990 साली मुलींनी संप करून मुलांना प्रवेश द्यायचा निर्णय मागे घ्यायला लावला होता. तेच कॉलेज 2022 मध्ये बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विलीन झालं. तिथल्याही माजी विद्यार्थिनी शेवटपर्यंत झगडल्या. संकट जाहीर झाल्यावर जमवलेला पैसा फार महाग पडतो, आणि दरवेळी वेळेवर पोचतोच असं नाही.

आपल्याकडे मुळात माजी विद्यार्थिनी सापडणंच कठीण. मुलांच्या कॉलेजात कुलकर्णी चाळीस वर्षांनीही कुलकर्णीच असतो. आमच्या रजिस्टरमधली मीना देशमुख लग्नानंतर आडनावाने बदलते, कधी नावानेही, गाव बदलतं, फोन बदलतो. एका बॅचचा शोध घ्यायचा म्हणजे धाकट्या बहिणीपर्यंत, जुन्या शेजारणीपर्यंत, धरमपेठेतल्या कुणाच्या तरी मावशीपर्यंत जावं लागतं. सापडली की ती फोनवर रडते, मॅडमची चौकशी करते, कँटीनचे पोहे-तर्री अजून मिळतात का विचारते. आणि देणगीचं निघालं की म्हणते, "ह्यांना विचारून सांगते."

मला त्या वाक्याने वाईट वाटतं, पण तिचा राग येत नाही. घरातला पैसा एकत्र असतो, विचारण्यात चूक काहीच नाही. तरी साडी घेताना, भाचीला आहेर करताना, देवस्थानाला अभिषेक सांगताना तीच बाई तेवढी रक्कम न विचारता देते. म्हणजे अडचण रकमेची नाही. आपल्या शिक्षणाचं देणं हा आपला स्वतःचा व्यवहार आहे, असं तिला कुणी सांगितलेलं नसतं. पैसे देतानाही अनेक जणी म्हणतात, "पावती ह्यांच्या नावाने करा, टॅक्सला बरं पडतं." मी सांगते, ताई, देणगीवरच्या करसवलतीची, ऐंशी-जी म्हणतात ती पावती ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याच्याच नावाने होते, दोन हजारांवरची रोख चालत नाही, आणि सवलतही फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. मग त्या क्षणभर थांबतात. तुमच्या खात्यातून पाचशेच द्या, पण पावतीवर तुमचं नाव येऊ द्या, असं मी आग्रहाने म्हणते. एका बाईंनी वयाच्या साठीत पहिल्यांदा स्वतःच्या खात्यातून यूपीआयने पैसे पाठवले ते आमच्या कॉलेजला. तो आकडा मी इतर कोणत्याही देणगीपेक्षा अभिमानाने नोंदवला.

परदेशातल्या मैत्रिणींचं वेगळं असतं. जिच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे ती आपल्या कमाईतून सरळ पैसे देऊ शकते. जिने अमेरिकेचं किंवा इंग्लंडचं नागरिकत्व घेतलं, ती कायद्याने परदेशी दाता ठरते, मग ती नागपूरच्या महाल भागात वाढलेली का असेना. तिच्याकडून घ्यायचं तर संस्थेकडे एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि दिल्लीच्या ठरलेल्या स्टेट बँक शाखेत खातं हवं. लहान कॉलेजला ते सोपं नाही. डिसेंबरात नागपूरला आलेल्या, हातात पैसे घेऊन उभ्या असलेल्या वर्गमैत्रिणीला नाही म्हणावं लागतं तेव्हा जीव तुटतो. तिला मी सांगते, पैसे राहू दे, दर महिन्याला एका मुलीशी व्हिडिओवर तासभर इंग्रजीत बोल. काही जणी ते मनापासून करतात.

मेळाव्यांत कॉलेजला माहेर म्हणायची आपल्याकडे रीत आहे. भाषणात ते गोडही वाटतं. पण माहेरी आपण घ्यायला जातो. माहेर साडीचोळी करतं, डबे भरून देतं, आपण दोन दिवस विसावतो आणि निघतो. तिथलं छप्पर गळत असेल तर ते भावाने पाहायचं असतं. कॉलेजला भाऊ नाही. छप्पर आपल्यालाच पाहायचं आहे.

हिशेब तसा अवघड नाही. एक लाखाची ठेव सात टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला सात हजार येतात, त्यात एका मुलीचे फॉर्म, पुस्तकं आणि एसटीचा पास निघतो, आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. हजार जणींनी वर्षाला पाचशे दिले तर पाच लाख होतात. पाच लाख देणारा एक जण शोधणंही शक्य आहे, पण तो पुढच्या वर्षी देईलच असं नाही, आणि हजार जणी एकदम गायब होत नाहीत. शिवाय कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक माजी विद्यार्थ्यांचा सहभागही पाहते. ज्या कॉलेजसाठी त्याच्याच मुली काही करत नाहीत, त्याच्याबद्दल बाहेरच्याने काय समजायचं? रमाबाईंच्या सर्कलमधल्या बायकांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. कुणा गोदूसाठी त्या दरवर्षी एक डॉलर बाजूला काढत होत्या.

आमच्या तत्त्वज्ञानाच्या मॅडम या वर्षी निवृत्त होत आहेत. जागा लगेच भरली जाईल अशी आशा कुणालाच नाही. संघटनेच्या बैठकीत ठरलंय की निदान दोन वर्षं तासिकेच्या शिक्षिकेचं मानधन आपण द्यायचं, मे-जूनचंही, म्हणजे चांगली मुलगी सोडून जाणार नाही आणि पहिल्या वर्षाला विषय निवडणाऱ्यांना "शिकवायला कुणी नाही" असं ऐकावं लागणार नाही. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात. वर्षभराचे पैसे मार्चअखेर खात्यात हवेत, निम्मे जमले आहेत. ज्या वाचताहेत आणि कुठल्याही मुलींच्या कॉलेजातून शिकल्या आहेत, त्यांनी आपापल्या कॉलेजच्या कार्यालयात फोन करून एवढंच विचारावं, यंदा तुमचा कोणता विषय अडचणीत आहे?